बंगळुरात बांधलेली होडी

माझा धाकटा भाऊ सदा समुद्रावर एकटा जातो. त्याच्या होडीला इंजिन नाही. वल्हं आहे, आणि वारा बरा असला तर एक लहान शीड. ही होडी आमच्या वडिलांनी, आबांनी बांधली. गेल्या हंगामात तिच्या तळाची फळी कुजली आणि सदा थोडं वल्हवत, थोडं डब्यानं पाणी उपसत कसाबसा घरी आला. किनाऱ्याला लागला तेव्हा होडीतलं पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. त्या दिवसापासून त्याची बायको म्हणते, ह्या होडीतून आता जायचं नाही. नवी होडी मिळाली नाही तर सदाला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जावं लागणार होतं, तेही बावन्नाव्या वर्षी.

नवी होडी तयार झाली होती, पण बंगळुरात. गावात हे ऐकून लोक हसले. जिथे समुद्र नाही तिथे होडी कोण बांधतं? झालं होतं असं की माझा मुलगा संदेश तिकडे नोकरीला आहे. त्याची बायको ऋचा पुण्याची, कॉम्प्युटरवर यंत्रांची चित्रं काढते. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला ती आमच्याकडे आली होती. तेव्हा दोन दिवस ती आबांच्या होडीभोवती फिरत होती. फोननं सगळ्या बाजूंनी फोटो काढले, टेपनं मापं घेतली. सदामामांना मी अशीच होडी फायबरची करून देते, म्हणाली. आम्हाला वाटलं, पोरगी हौशी आहे, विसरेल. ती विसरली नाही.

होडी पसंत करायला सदा जाणार होता, पण त्याचा गुडघा सुजला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाय, तू जा. आबांच्या होडयेत सगळ्यात जास्ती तू बसलंस. तू बसान बघ आणि माका सांग. तू होय म्हटलंस तर घेतंय."

मी म्हटलं, "मी काय सांगू रे? संदेशाक बघूंदे."

"संदेशाक ल्हान मोठी गाडी कळता. होडी कळना नाय."

म्हणून मी गेले. घरी म्हैस आहे, त्यामुळे हे घरी राहिले.

जाण्याआधी थोडं

आबा होडीचे सुतार होते. त्यांच्या होड्या बारा हात लांब, अरुंद, आणि एका बाजूला उलांडी. उलांडी म्हणजे दोन आडव्या वाशांच्या टोकांना बांधलेला लाकडाचा ओंडका. तो होडीच्या डावीकडे पाण्यावर तरंगत येतो आणि होडीला कलंडू देत नाही. माणूस एकटा उभा राहून जाळं ओढू शकतो ते ह्या उलांडीमुळे.

आबांनंतर त्यांच्या हाताखालच्या विठूनं तशाच दोन होड्या बांधल्या. चांगल्या होत्या, पण जड. किनाऱ्यावर ओढायला चार माणसं लागायची, आबांच्या होडीला दोन पुरत. मग कोणीतरी प्लायवूडच्या केल्या. त्या दोन पावसाळे टिकल्या. मग कारखान्याच्या फायबरच्या होड्या आल्या, रुंद, इंजिन लावायच्या. त्या इंजिनावर छान पळतात. इंजिन बंद पडलं तर वल्ह्यानं हलत नाहीत, परातीसारख्या जागच्या जागी फिरतात. विठूही गेला. तेव्हापासून वल्ह्याची होडी आमच्याकडे कोणी बांधली नाही. इतक्या नमुन्यांत आबांच्या होडीला पुरी पडणारी मी एकही पाहिली नव्हती, हे मनात घेऊनच मी बसमध्ये बसले.

शुक्रवार, कोरमंगला

सकाळी संदेश न्यायला आला. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. खाली रस्त्यावर सगळी पंचवीस-तिशीची मुलं. म्हातारं माणूस मला पहिल्या दिवशी एकच दिसलं, तोही वॉचमन. मुलं मुली खोल्या भाड्यानं घेऊन राहतात, घरी चूल नाही, जेवण मोटारसायकलवरून येतं. दारात पिशवी ठेवून पोरगा निघून जातो, आतला माणूस त्याचं तोंडही बघत नाही. आमच्याकडे पाव घेऊन येणारा पाववाला आधी घरच्यांची चौकशी करतो.

मी सुके बांगडे आणि गोलमा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, नेला होता. दुपारी तव्यावर दोन बांगडे भाजले. दाराची बेल कोणी वाजवली नाही, पण पाच मिनिटांत ऋचाच्या फोनवर बिल्डिंगच्या लोकांचे सहा निरोप आले. कुठेतरी गॅस लीक होतोय का, असं एकानं विचारलं होतं.

मी गॅस बंद केला. ऋचा खूप हसली. म्हणाली, "आई, तुम्ही बिनधास्त भाजा. मी खिडक्या उघडते. त्यांना म्हणते लीक सापडला." मग तिनं स्वतः एक बांगडा खाल्ला, काट्यासकट चावायला गेली आणि काटा तिच्या घशात अडकला. भाताचा गोळा गिळायला लावला तेव्हा उतरला.

पोरगी चांगली आहे. हे मी इथे लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते तिच्याच कामाबद्दल आहे.

शनिवार, राजाजीनगरची शेड

राजाजीनगरात घरांच्या रांगा संपल्या की लहान लहान कारखाने लागतात. त्यातली एक पत्र्याची शेड. आत शिरल्यावर फायबरचा वास डोळ्यांत गेला. तिथे पाण्याच्या टाक्या होत्या, बागेतल्या घसरगुंड्या होत्या, आणि पायानं पॅडल मारायच्या बदकांच्या होड्या होत्या. दहा-बारा पांढरी बदकं, काहींना अजून डोळे रंगवायचे होते. त्या बदकांच्या मधे आबांची होडी उभी होती.

मला वाटलं नव्हतं की मला काही वाटेल. पण तोच आकार होता. बाजूचा तोच उतार, मागचा तोच निमुळता भाग. फक्त रंग निळा, आणि एकही खिळा नाही, सांधा नाही. मी हात फिरवला. काचेसारखी गुळगुळीत. आबांच्या होडीवर हात फिरवला तर प्रत्येक फळी कळते.

शेडचे मालक चंद्रप्पा. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मराठी येत नाही, थोडं हिंदी येतं. त्यांच्याकडचा मुख्य कारागीर मारुती, तो खानापूरचा, घरी मराठी बोलणारा. त्यानं मला स्टूल पुसून दिलं.

"बसा की मावशी. तुमच्या वडिलांची होडी म्हणं ही. एक महिना झाला, हिच्यावरच काम करालाव आम्ही. बदकं करून करून कंटाळलो होतो बघा."

दुपारी अण्णांनी जेवायला थांबवलं. त्यांच्या घरून डबा आला. नाचणीचा मोठा गोळा, त्याला ते मुद्दे म्हणतात, आणि पालेभाजीचं पातळ सार. मी गोळ्याचा घास केला, सारात बुडवला आणि चावायला लागले. तो दातांना चिकटला, तोंड उघडेना. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, स्वल्प स्वल्प," आणि पुढे कानडीत काहीतरी.

मारुती म्हणाला, "मावशी, चावायचं नसतंय ते. लहान घास घ्यायचा आन् गिळायचा."

नाचणी आम्हीही खातो, पण भाकरी करून. न चावता जेवायचं मला शिकायला लागलं. तिसऱ्या घासाला जमलं. चव चांगली होती.

जेवण झाल्यावर मी होडीच्या मागे जाऊन उभी राहिले. आबा होडी तपासायचे ती अशी, मागच्या टोकाला उभं राहून पुढच्या टोकाकडे बघत. पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो. आणि मला दिसलं की नाळ सरळ आहे.

आबांची नाळ सरळ नसते. उजवीकडे दोन बोटं वळलेली असते. त्याचं कारण उलांडी. उलांडी डावीकडून पाण्याला अडते आणि होडीला डावीकडे ओढते. ती ओढ मारायला आबा नाळ उजवीकडे वळवत. फळी विस्तवावर धरून, वर खारं पाणी मारत मारत वाकवायचे. मग मागून पुढे दोरी ताणायचे. दोरीचं पुढचं टोक मी धरायची. दोरी नाळेच्या डावीकडे दोन बोटं बाहेर राहिली की म्हणायचे, "झाला. सोड." मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. चौथीनंतर शाळा सुटली, मग तर रोजच धरायची.

मी ऋचाला एवढंच विचारलं, "हे पुढचं टोक असंच होतं का गं?"

तिला तोच प्रश्न हवा होता. ती खुश होऊन म्हणाली, "नाही ना आई! ओरिजिनल वाकडी होती. लाकूड इतक्या वर्षांत वाकलं असणार. मी उजवी बाजू घेतली आणि तीच डावीकडे उलटी लावली. आता परफेक्ट सरळ आहे. आबांना असं मशीन मिळालं असतं तर त्यांनी पण हेच केलं असतं."

संदेश म्हणाला, "मामा एकदम खुश होणार."

अण्णा म्हणाले, "सरी, सरी," म्हणजे बरोबर.

मी परत स्टुलावर जाऊन बसले.

रविवार, तळं

शहराच्या बाहेर एक तळं आहे. तळ्याला तिकडे केरे म्हणतात. अण्णा आपल्या बदकांची परीक्षा तिथेच घेतात. होडी टेम्पोवर चढवली. दोन माणसांनी उचलली, आणि फारसा जोरही लावला नाही. इतकी हलकी. हे मात्र मला आवडलं. सदाला किनाऱ्यावर ओढायला माणसं शोधत फिरायला नको.

तळ्याच्या पलीकडे उंच इमारती, अलीकडे जलपर्णी. पाण्याला खारा वास नाही, कुजक्या पानांचा वास. एक बगळा होता, तेवढा ओळखीचा.

होडी पाण्यात सोडली. मारुतीनं वल्हं मारलं. होडी सरळ गेली, अगदी आखल्यासारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋचा फोनवर चित्रण करत ओरडत होती, "बघा आई, टोटली सरळ!" मग मलाही बसवलं. मी मधल्या फळीवर बसले, होडी अजिबात पाणी घेत नव्हती. आबांची होडी पाण्यात टाकल्यावर पहिले दोन दिवस पाणी पितेच, लाकूड फुगलं की थांबते. त्याबाबतीत ही वरचढ होती. वारा आला की मात्र पानासारखी बाजूला सरकायची.

पण उलांडी बांधलेलीच नव्हती. तिच्याऐवजी केलेला प्लास्टिकचा पाइप शेडमध्ये राहिला होता. अण्णांच्या मते तळ्यावर त्याची गरज नव्हती. उलांडीशिवाय सरळ होडी सरळच जाणार. उलांडी बांधल्यावर ती काय करेल हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. आणि आमच्या खाडीच्या तोंडाशी, बाहेर पडताना डाव्या हाताला खडक आहेत. तिथे लाटा उसळत असतात. होडी डावीकडे ओढ घेत असली तर एकटा माणूस एकदा सावरेल, दोनदा सावरेल.

हे मला तिथेच सांगायचं होतं. पण टेम्पो भाड्यानं आणलेला, सगळ्यांचा सुट्टीचा दिवस, ऋचाचा चेहरा फुललेला. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "रंग छान आहे."

घरी परतताना संदेशनं बंगळुरातल्याच शिवाजीनगरला नेलं. मासळी घ्यायची होती. तिथे बर्फात पुरलेली सुरमई होती. मी कल्ले उघडून पाहिले, चार दिवसांची तरी असेल. विकणारा म्हणाला, "फ्रेश आहे मावशी, आज सकाळचा लोड." मी हसले फक्त. शेवटी ताजी वाटली म्हणून तळ्यातली कटला घेतली. तिला चिखलाचा वास येत होता. रात्रीच्या जेवणात कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या ताटात उरली.

जेवायच्या आधी सदाचा फोन आला होता.

"बसलंस काय गो?"

"बसलंय."

"कशी आसा?"

मी म्हटलं, "उद्या सांगतंय."

"उद्या कित्याक?"

"उद्या सांगतंय म्हटलंय मां."

सोमवार

संदेश ऑफिसला गेला, ऋचा घरातच दार लावून कॉम्प्युटरवर मीटिंगला बसली. मी तिच्या दारावर टकटक केली आणि म्हटलं, मला शेडमध्ये एकदा जायचं आहे. ती म्हणाली, मी दुपारनंतर येते तुमच्याबरोबर. मी म्हटलं, नको, मी जाते. तिनं रिक्षा बोलावून दिली आणि पत्ता कागदावर लिहून दिला.

तिकडे मोठ्या रस्त्याला मेन म्हणतात आणि आडव्या गल्लीला क्रॉस. रिक्षावाल्यानं मला बरोबर चौथ्या मेनवर सहाव्या क्रॉसला उतरवलं. पण ब्लॉक दुसरा होता. प्रत्येक ब्लॉकमध्ये पुन्हा चौथा मेन आणि सहावा क्रॉस असतो हे मला काय माहीत. मी पाऊण तास त्याच नंबरच्या गल्लीत शेड शोधत होते. मिळाली ती एक पिठाची गिरणी. शेवटी फुलं विकणाऱ्या एका बाईला कागद दाखवला. तिनं तो वाचून घेतला एका मुलीकडून, मग मला हाताला धरून मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं आणि दुसऱ्या रिक्षावाल्याला पाच मिनिटं दम देऊन समजावलं. बोलणं कानडीत होतं, पण दम कुठल्याही भाषेत कळतो.

शेडमध्ये मारुती बदकाचे डोळे रंगवत होता.

"मावशी, एकट्याच आलासा?"

मी त्याला होडीच्या मागे नेऊन उभं केलं. दोरी मागितली. एक टोक त्याला दिलं, एक मी नाळेशी धरलं. आणि जे तीन दिवस बोलता आलं नव्हतं ते त्याला सांगितलं. उलांडीची ओढ, दोन बोटं, खडक, सगळं. दोरी हातात असली की मला बोलायला सोपं गेलं.

मारुतीनं एक डोळा मिटून दोरीवरून नाळेकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे तुम्ही परवाच सांगायचं की मावशी."

"सूनबाईनं एवढं केलंय. सगळ्यांसमोर कसं सांगू?"

"मग आता?"

"आधी बांधून बघू. कदाचित मीच चुकत असेन. प्लास्टिकचा पाइप हलका आहे, लाकडाएवढा ओढणारही नाही."

असं मी म्हटलं, आणि मनात खरंच आशा होती की मी चुकत असेन. मारुतीनं वासे आडवे ठेवून पाइप बांधला. त्याच्या गाठी सैल होत्या. मी सोडून पुन्हा बांधल्या.

संध्याकाळी सदाचा फोन आला, तो मी उचलला नाही.

बुधवार, पुन्हा तळं

ऋचाला मी म्हटलं की उलांडी बांधून एकदा बघायचं आहे. तिनं अर्धी रजा टाकली. तिला काही संशय नव्हता. यावेळी आम्ही तिघंच, मी, ती आणि मारुती.

आबा होडी अशी तपासायचे. मला मधे बसवायचे, हात मांडीवर ठेवायला सांगायचे, पाण्यात बोटही घालायचं नाही. वल्हं काठावर ठेवायचे. समोर पाण्यात एक खुंट असायचा. मागून एकदा जोरात ढकलायचे आणि सोडून द्यायचे. होडी आपली आपण खुंटाकडे गेली पाहिजे. तीनदा ढकलायचे, एकदा गेलेली ते धरत नसत.

तळ्यात खुंट नव्हता. पलीकडे एका तुटक्या पंपाची लोखंडी नळी वर आलेली होती, ती धरली. मी मधे बसले. मारुतीनं ढकललं.

होडी चार-पाच हात सरळ गेली. मग नाक डावीकडे वळवायला लागली, सावकाश. नळी माझ्या उजव्या खांद्याकडे सरकत गेली आणि होडी जलपर्णीत जाऊन थांबली.

ऋचा काठावरून म्हणाली, "वारा असेल."

दुसऱ्यांदा ढकललं. पुन्हा जलपर्णी. तिसऱ्यांदा वारा अजिबात नव्हता. ऋचानं चित्रण थांबवलं आणि फोन खाली घेतला.

मी काठावर उतरले. पाय भिजले होते. मी म्हटलं, "ऋचा, आबांची नाळ वाकलेली नव्हती. त्यांनी वाकवलेली होती." आणि कारण सांगितलं. फार वेळ लागला नाही. तिला एकदाच सांगावं लागलं.

मारुती उगीचच गाठी सोडत बसला. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, तुम्हाला शनिवारीच दिसलं होतं ना?"

"हो."

"मग तुम्ही मला रविवारी टाळ्या वाजवू दिल्या."

मी म्हटलं, "चुकलंच माझं. मला सगळ्यांसमोर बोलता येत नाही."

"आणि तुम्ही आजही बोलला नसतात तर? मामा बसले असते त्यात."

"नाही. सदाला मी हो म्हटलं नव्हतं."

ती बाहेर बघत होती. सिग्नलला रिक्षा थांबली, सुटली, पुन्हा थांबली. मग ती म्हणाली, "मी मामांना एकदा फोन करून विचारायला हवं होतं, ही वाकडी का आहे. दोन मिनिटांचा फोन. माझ्या डोक्यातच आलं नाही की कोणी मुद्दाम वाकडं करेल."

बुधवार संध्याकाळ

घरी आल्यावर ती अर्धा तास दार लावून बसली. मी डाळ शिजवली. मग ती कॉम्प्युटर घेऊन स्वयंपाकघरातच आली. सरळ करण्याआधीचं होडीचं चित्र तिनं ठेवलेलं होतं. त्यावर एक लाल रेघ ओढली, आबांच्या दोरीसारखीच.

"बावन्न मिलिमीटर. दोन बोटं म्हणजे कोणाची बोटं, आई?"

"आबांची."

"तुमच्यापेक्षा जाड?"

मी विचार केला. मग टेबलावर माझी दोन बोटं ठेवली आणि तिसऱ्याचा अर्धा भाग. "एवढी."

तिनं पट्टी लावली. बेचाळीस भरले.

"म्हणजे दहा मिलिमीटर जास्त आहे. ते कुठून आलं?"

"ते लाकूड वाकलं असेल," मी म्हटलं. "तू म्हणत होतीस ते थोडं खरंच होतं."

ती पहिल्यांदा हसली. "किती करायचं मग? बावन्न का बेचाळीस?"

हे मला कोणी सांगणार नव्हतं. जुनी होडी सदा रोज चालवायचा ती बावन्नवर, आणि शेवटी शेवटी तो म्हणायचा की उजवीकडे जरा जास्त जाते, वय झालं तिचं. मी म्हटलं, "बेचाळीस."

गुरुवार ते शनिवार

नाळ कापायची हे ऐकून अण्णा वैतागले. महिन्याचं काम कापायचं? कानडीत बरंच बोलले. मारुतीनं त्यातलं मला अर्धंच सांगितलं असणार. पण ऋचा आणि ते कॉम्प्युटरसमोर उभे राहिले, तिनं चित्रण दाखवलं, होडी तीनदा जलपर्णीत जाते ते. तिसऱ्या वेळी अण्णांनी मान हलवली. माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "अक्का, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

मी म्हटलं, "तोंडात मुद्दे होतं."

ते एवढे हसले की शेडमधले सगळे बघायला लागले.

मारुतीनं नाळेपासून तीन हातांवर उजव्या बाजूची पाचर काढली आणि डावीकडे तेवढीच पाचर घातली. मग आतून बाहेरून फायबरचं कापड आणि चिकटवायचं औषध लावून तो भाग पुन्हा एक केला. फायबरला विस्तव लागत नाही, खारं पाणी लागत नाही. आबांना तीन दिवस लागायचे, ह्याला एक दिवस, आणि दोन दिवस नुसतं वाळायला. वाळल्यावर दोरी मी धरली. दुसरं टोक ऋचानं धरलं. पट्टीही तिच्याकडेच होती, पण तिनं आधी मला विचारलं, "झालं का?" आणि मग मोजलं.

पुढचा रविवार

पुन्हा सगळे तळ्यावर. मी मधे बसले, हात मांडीवर. मारुतीनं ढकललं.

पहिल्या वेळी होडी नळीच्या हातभर उजवीकडून गेली. मी वाकून उलांडीकडे पाहिलं. मग लक्षात आलं, उलांडीचा मागचा वासा जरा पुढे बांधला गेला होता आणि पाइप तिरका बसला होता. तो सरळ केला. दुसऱ्या वेळी होडी सरळ नळीकडे गेली. तिसऱ्या वेळीही. नळी लोखंडाची, मी पुढे सरकून हातानं होडी अडवली नसती तर नवी नाळ आपटलीच असती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऋचानं मला हात देऊन उतरवलं, आणि मी तिथेच काठावर बसून सदाला फोन लावला. सगळे माझ्याभोवती उभे होते.

सदा म्हणाला, "आठ दिवस झाले. मेलंस काय जगलंस ता तरी सांग."

"सांगतंय. आयक."

"पाणी घेता?"

"थेंब नाय."

"वाऱ्यान?"

"सरकता. हलकी आसा. खाली दोन धोंडे घाल."

"उलांडी बांधून बघितलंस?"

"बघितलंय. आधी डावीकडे जाय होती. नाळ कापून वळवून घेतली."

"कोणी कापली?"

"मी सांगितलंय. ऋचान माप काढला. इथल्या मारुतीन कापली."

"आता सरळ जाता?"

"तीनदा ढकलली. एकदा वासो चुकलेलो. दोनदा सरळ."

"म्हणजे आबांच्यासारखीच जाली मां गो?"

ऋचाला मालवणी कळत नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खरं ते सांगितलं.

"नाय सदा. आबांच्यासारखी नाय. आबांची पाण्यात बसता तशी ही बसना नाय, वरच्यावर ऱ्हवता. हात लावलो तर गार लागता. पण खाडीच्या तोंडातसून तू जा हिच्यातसून. मी सांगतंय, जा."

सदा मग म्हणाला, "घेतंय. टेम्पोवाल्याक सांग, नाळ फुडे करून बांध. उलटी आणू नको."